भारतीय सैन्याची हलक्या हेलिकॉप्टरांची खरेदी

भारतीय सैन्याची हलक्या हेलिकॉप्टरांची खरेदी ही भारतीय भूसेना व भारतीय वायुसेना यांच्याकडील चीता आणि चेतक या जुन्या हेलिकॉप्टरांच्या जागी नवी हलकी हेलिकॉप्टरे आणण्यासाठी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालू असलेली प्रक्रिया आहे. या काळात दोन जागतिक निविदा रद्द झाल्या, रशियाबरोबरचा संयुक्त उत्पादनाचा करार प्रत्यक्षात उतरला नाही आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडने (एचएएल) विकसित केलेले स्वदेशी हेलिकॉप्टर प्रमाणपत्र मिळूनही अनेक वर्षे सैन्याच्या तुकड्यांपर्यंत पोहोचले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने २०० हेलिकॉप्टरांसाठी उत्पादकांकडून नव्याने माहिती मागविली.

या विलंबाची चर्चा सहसा निविदांमधील गैरव्यवहाराचे आरोप आणि सरकारी दिरंगाई यांभोवती फिरते. ती कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. खरेदी आणि स्वदेशी विकास हे दोन मार्ग एकाच वेळी चालू राहिले. त्यांपैकी एक अडला की दुसरा लवकरच फळाला येईल या अपेक्षेने निर्णय पुढे ढकलणे सोपे झाले. दरम्यानच्या काळातील सारा भार जुन्या हेलिकॉप्टरांवर आणि त्यांच्या वैमानिकांवर पडत राहिला.

पार्श्वभूमी

चेतक हे फ्रान्सच्या स्यूद एव्हिएशन या कंपनीच्या आलुएत-३ या हेलिकॉप्टराचे भारतीय नाव आहे. १९६२ च्या परवाना करारानुसार एचएएलने बंगळूर येथे त्याचे उत्पादन सुरू केले. चीता हे त्याच कुळातील एसए-३१५बी लामा होय. त्याचा जन्म मुळात भारताच्या गरजेतून झाला. हिमालयातील अतिउंच ठाण्यांवर माणसे व सामान पोहोचविणारे हेलिकॉप्टर भारतीय सैन्याला हवे होते. फ्रेंच अभियंत्यांनी त्यासाठी नवे यंत्र घडविण्याऐवजी आलुएत-२ चा हलका सांगाडा घेऊन त्यावर आलुएत-३ चे अधिक शक्तिशाली इंजिन व रोटर बसविले. १७ मार्च १९६९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि पुढच्याच वर्षी प्रमाणपत्र मिळाले. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले यांनी लामामधून १२,४४२ मीटरची उंची गाठून विश्वविक्रम केला.

पुढे घडलेल्या गोष्टींच्या संदर्भात हा इतिहास महत्त्वाचा ठरतो. चीता लवकर तयार झाले, कारण त्यात नवे असे फारसे काही नव्हते. इंजिन, गिअरपेटी आणि रोटर आधीच वापरात मुरलेले होते. आज त्याच्या जागी येऊ पाहणाऱ्या हेलिकॉप्टराला ही सोय नाही.

१३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झालेल्या ऑपरेशन मेघदूतनंतर सियाचीन हिमनदीवरील ठाण्यांसाठी चीता अपरिहार्य झाले. रस्ता नसलेल्या, सहा हजार मीटरच्या आसपासच्या ठाण्यांवर औषधे, रॉकेल व टपाल पोहोचविणे आणि आजारी व जखमी जवानांना खाली आणणे हे काम त्याने चार दशके केले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूसेनेची स्वतंत्र हवाई शाखा (आर्मी एव्हिएशन कोअर) स्थापन झाली, तेव्हा चीता व चेतक हीच तिची मुख्य साधने होती. या शाखेचे वैमानिक नाशिक येथील कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये याच हेलिकॉप्टरांवर प्रशिक्षण घेत आले आहेत. प्रशिक्षणार्थ्यापेक्षा त्याचे हेलिकॉप्टर वयाने मोठे असणे ही तेथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

मूळ फ्रेंच कंपनीने या दोन्ही प्रकारांचे उत्पादन १९८० च्या दशकात थांबविले. त्यामुळे सुट्या भागांची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे एचएएलवर आली. चीताला टीएम-३३३ हे नवे इंजिन बसवून चीतल हा सुधारित प्रकार तयार करण्यात आला, परंतु त्याची संख्या मर्यादित राहिली. मूळ चीतामध्ये स्वयंचालित उड्डाण नियंत्रण वा हवामान रडार नाही. ढगांत वा हिमवादळात सापडलेल्या वैमानिकाला मुख्यतः डोळ्यांवर आणि अनुभवावर विसंबावे लागते.

उंचीचे गणित

समुद्रसपाटीपासून ६,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ५४ टक्के असते. विरळ हवेत रोटरच्या पात्यांना कमी उचल मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणजे यंत्राला अधिक जोराची गरज असते नेमकी तेथेच त्याचा जोर कमी पडतो. उन्हाळ्यात तापमान वाढले की घनता आणखी कमी होते.

अशा उंचीवर हेलिकॉप्टर वाहून नेऊ शकणारे सामान मोजक्या किलोग्रॅमवर येते. त्यामुळे आरेखनात सांगाड्याचे वजन पन्नास किलोग्रॅमने वाढले, तर मैदानी प्रदेशात ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. सियाचीनमध्ये मात्र ती वाढ सरळ औषधांच्या पेटीतून वजा होते. आधुनिक हेलिकॉप्टराकडून अपेक्षित असलेल्या बहुतेक सोयी, म्हणजे अपघातात तग धरणारी आसने, अधिक सुरक्षित इंधनटाक्या, स्वयंचालित नियंत्रण आणि अंकीय उपकरणे, या सगळ्यांना वजन असते. चीताची साधेपणातून आलेली उंचीवरील क्षमता आणि नव्या पिढीची सुरक्षितता एकाच यंत्रात आणणे ही म्हणूनच सोपी मागणी नाही. परदेशी उत्पादकांची बहुतेक हलकी हेलिकॉप्टरे पोलीस, रुग्णवाहिका आणि प्रवासी सेवा यांसाठी घडविलेली असतात. ही अट पूर्ण करू शकणारे स्पर्धक त्यामुळे सुरुवातीपासूनच थोडे होते आणि निविदेतून एक जरी बाद झाला तरी स्पर्धा उरत नसे.

दोन निविदा

पहिल्या निविदेत १९७ हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेचे बेल-४०७ आणि युरोकॉप्टर कंपनीचे एएस-५५० फेनेक यांच्यात मुख्य स्पर्धा झाली. चाचण्या पूर्ण होऊन फेनेकची निवड अंतिम टप्प्यात आली असताना डिसेंबर २००७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने निविदा रद्द केली. चाचणीसाठी आणलेले हेलिकॉप्टर लष्करी प्रकारचे नसून त्याची नागरी आवृत्ती होते, हा त्यामागील प्रमुख आक्षेप होता. प्रक्रियेच्या दृष्टीने तो रास्त होता. मात्र तो अखेरीस निर्णायक ठरला, यावरून चाचणीच्या अटी लिहितानाच राहिलेला ढिसाळपणा दिसतो.

२००८ मध्ये निविदा पुन्हा काढण्यात आली. १९७ पैकी १३३ हेलिकॉप्टरे भूसेनेसाठी व ६४ वायुसेनेसाठी होती. या वेळी अखेरच्या फेरीत फेनेक आणि रशियाचे कामोव्ह का-२२६टी उरले. चाचण्या २०१० च्या सुमारास झाल्या, पण निर्णय लागला नाही. गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि त्यातच अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या १२ एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टरांचा वेगळा व्यवहार वादात सापडला. सचोटी कराराच्या भंगाचे कारण देऊन सरकारने १ जानेवारी २०१४ रोजी तो व्यवहार रद्द केला. तेव्हापासून हेलिकॉप्टर खरेदीच्या कोणत्याही कागदावर सही करणे अधिकाऱ्यांना जोखमीचे वाटू लागले, असे अनेक निरीक्षकांनी नोंदविले आहे. सुमारे ६,००० कोटी रुपयांची १९७ हेलिकॉप्टरांची निविदा २९ ऑगस्ट २०१४ रोजी संरक्षण खरेदी परिषदेने रद्द केली आणि हेलिकॉप्टरे भारतातच तयार व्हावीत असे ठरविले.

सात वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन रद्दीकरणांत फरक आहे. २००७ मध्ये आक्षेप एका चाचणीपुरता होता. तो दूर करून पुढे जाता आले असते. २०१४ मध्ये धोरणच बदलले आणि तयार हेलिकॉप्टर विकत घेण्याचा पर्याय मागे पडला. तोवर चाचण्यांत उतरलेली यंत्रे अनेक देशांच्या सेवेत होती. त्यांतील जोखीम ठाऊक होती, किंमतही ठाऊक होती. त्यांच्या जागी जे दोन मार्ग आले त्या दोहोंची जोखीम अद्याप मोजायची होती.

का-२२६टी प्रकल्प

२४ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या मॉस्को भेटीत का-२२६टी हेलिकॉप्टरांच्या भारतातील उत्पादनासाठी दोन्ही सरकारांमध्ये करार झाला. त्या वेळी गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते. एकूण २०० हेलिकॉप्टरांपैकी ६० रशियात तयार होऊन यायची होती आणि १४० भारतात बनायची होती. त्यासाठी २०१७ मध्ये इंडो-रशियन हेलिकॉप्टर्स लिमिटेड ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. तीत एचएएलचा वाटा ५०.५ टक्के, रशियन हेलिकॉप्टर्सचा ४२ टक्के व रोसोबोरोनएक्स्पोर्टचा ७.५ टक्के ठरला.

कंपनी झाली, खरेदीचा करार मात्र झाला नाही. भारतात किती टक्के घटक बनवायचे आणि त्यासाठी किंमत किती वाढणार यावर बोलणी अडली. या हेलिकॉप्टराची एक अडचण त्याच्या रचनेतच होती. रशियन सांगाड्यावर फ्रान्सच्या साफ्रान कंपनीची एरियस इंजिने होती. स्वदेशी घटकांचे प्रमाण वाढवायचे तर इंजिनाच्या बाबतीत रशियन भागीदाराच्या हाती फारसे काही नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या विमान उद्योगाला पाश्चात्त्य इंजिने मिळणे बंद झाले आणि प्रकल्पाची उरलीसुरली शक्यताही मावळली.

स्वदेशी हलके उपयुक्तता हेलिकॉप्टर

१९७ हेलिकॉप्टरे आयात करण्याबरोबरच १८७ हेलिकॉप्टरे एचएएलने स्वतः विकसित करावीत, अशी योजना सरकारने २००९ मध्ये मंजूर केली होती. यांपैकी १२६ भूसेनेसाठी व ६१ वायुसेनेसाठी होती. हलके उपयुक्तता हेलिकॉप्टर (एलयूएच) या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र तीन टन वजनगटातील असून त्याला साफ्रानच्या आर्दिदें कुळातील एकच इंजिन आहे.

पहिल्या नमुन्याने ६ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळूर येथे उड्डाण केले. दुसरा नमुना मे २०१७ मध्ये व तिसरा डिसेंबर २०१८ मध्ये उडाला. २०१९ मध्ये लेह आणि दौलत बेग ओल्डी येथे उष्ण हवामानातील व उंचीवरील चाचण्या झाल्या; २०२० मध्ये सियाचीन हिमनदीवरील तळांवर उतरण्याचे प्रात्यक्षिक झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये मूळ आवृत्तीला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भूसेनेच्या आवृत्तीला लष्करी उड्डाणयोग्यता प्रमाणन केंद्राकडून (सेमिलॅक) प्रारंभिक कार्यान्वयन मंजुरी मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने पहिल्या १२ हेलिकॉप्टरांच्या खरेदीला तत्त्वतः मान्यता दिली.

येथपर्यंतचा आलेख पाहता पुढील दोन-तीन वर्षांत उत्पादन सुरू व्हावे असे वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार स्वयंचालित उड्डाण नियंत्रण प्रणालीची जुळणी हे विलंबाचे एक प्रमुख कारण ठरले. प्रात्यक्षिक उड्डाण, प्रारंभिक मंजुरी आणि सामान्य वैमानिकाने रोज वापरावे असे यंत्र यांतील अंतर बातम्यांच्या मथळ्यांत दिसत नाही. कसबी चाचणी वैमानिकाने हिमनदीवर हेलिकॉप्टर उतरविल्याने यंत्राचा जोर सिद्ध होतो. नियंत्रण प्रणाली बिघडली असता, वारा उलटला असता किंवा थकलेला वैमानिक चुकला असता यंत्र कसे वागेल, हे शोधायला शेकडो तासांची कंटाळवाणी उड्डाणे लागतात. वेळापत्रक प्रायः याच टप्प्यात घसरते.

उत्पादनाची जागा मात्र आधी तयार झाली. कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात ६१५ एकरांवर हेलिकॉप्टर कारखान्याची पायाभरणी जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे एलयूएचच्या पहिल्या उड्डाणाच्याही आधी झाली आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आरंभी वर्षाला ३० हेलिकॉप्टरे बनविण्याची त्याची नियोजित क्षमता आहे. त्या वेगाने १८७ हेलिकॉप्टरांना सहा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तो काळही पहिले यंत्र मंजूर होऊन बाहेर पडल्यानंतर मोजायचा आहे.

ध्रुव व प्रचंड यांचा अनुभव

एलयूएचच्या विलंबाचा अंदाज एचएएलच्या आधीच्या प्रकल्पांवरून बांधता आला असता. प्रगत हलके हेलिकॉप्टर ध्रुवचे काम जर्मनीच्या एमबीबी कंपनीच्या सल्ल्याने १९८४ मध्ये सुरू झाले. पहिले उड्डाण ऑगस्ट १९९२ मध्ये आणि सैन्यातील प्रवेश २००२ मध्ये झाला. दरम्यान ध्रुवला अमेरिकी सीटीएस-८०० इंजिन बसविण्याचा विचार १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर आलेल्या निर्बंधांमुळे बारगळला. सुरुवातीच्या फ्रेंच इंजिनावर भूसेनेला हवी असलेली उंची गाठता येईना. अखेर फ्रान्सच्या तुर्बोमेका कंपनीबरोबर शक्ती हे अधिक जोरदार इंजिन विकसित करावे लागले. उंचीवरील काम तोवर चीता व चीतलकडेच राहिले.

प्रचंड या लढाऊ हेलिकॉप्टराची गरज १९९९ च्या कारगिल युद्धात स्पष्ट झाली. प्रकल्पाला २००६ मध्ये मंजुरी मिळाली, पहिले उड्डाण २९ मार्च २०१० रोजी झाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ते वायुसेनेत दाखल झाले. पहिल्या नमुन्याचे वजन अपेक्षेपेक्षा अधिक भरल्याने पुढील नमुन्यांत ते टप्प्याटप्प्याने घटवावे लागले होते. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांसाठी सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला. उशिरा का होईना, ही यंत्रे उंचीवर उपयुक्त ठरली हे या दोन्ही प्रकल्पांच्या बाजूने मान्य करावे लागते. ध्रुवचे पहिल्या उड्डाणापासून सेवेपर्यंतचे अंतर दहा वर्षांचे होते, प्रचंडचे बारा वर्षांचे. २०१६ मध्ये उडालेल्या एलयूएचला हेच माप लावले, तर २०१४ च्या रद्द निविदेची पोकळी ते २०२० पर्यंत भरून काढील ही अपेक्षा कशाच्या आधारावर होती, असा प्रश्न उरतो.

लष्करी हेलिकॉप्टरांच्या विकासातील अपयश भारतापुरते मर्यादित नाही. अमेरिकेने आरएएच-६६ कोमांची हा प्रकल्प सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च करून आणि केवळ दोन नमुने उडवून फेब्रुवारी २००४ मध्ये बंद केला. नॉर्वेने २००१ मध्ये मागविलेली १४ एनएच-९० हेलिकॉप्टरे दीर्घ विलंबानंतर जून २०२२ मध्ये परत करण्याचा निर्णय घेतला. फरक इतकाच की कोमांची बंद झाले तेव्हा अमेरिकी भूसेनेकडे तुलनेने नवी पर्यायी हेलिकॉप्टरे मोठ्या संख्येने होती.

विलंबाचे परिणाम

१ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेली येथे चीता कोसळून भूसेनेचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन चीता व चेतकचा वापर थांबवावा, अशी मागणी मार्च २०१५ मध्ये संरक्षणमंत्री पर्रीकर यांच्याकडे केली. एरवी अशा बाबतीत मौन पाळणाऱ्या सैनिकी कुटुंबांनी जाहीरपणे पुढे येणे ही असाधारण घटना होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचल प्रदेशातीलच मंडाला परिसरात चीता कोसळून वैमानिकांचे मृत्यू झाले.

प्रत्येक अपघाताचे कारण यंत्राचे वयच होते असे म्हणता येत नाही. हवामान, भूभाग आणि मानवी चूक यांचाही त्यांत वाटा असतो. परंतु याच तीन गोष्टींपासून वैमानिकाला वाचविणारी उपकरणे जुन्या हेलिकॉप्टरांत नसतात, त्यामुळे वयाचा मुद्दा पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. चीता व चेतक जमिनीवर उभी करण्याची मागणी मान्य झाली नाही, यामागे व्यावहारिक कारण होते: त्या दिवशी सियाचीनच्या ठाण्यांवर जायला दुसरे काही नव्हते.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरांचा ताफा काही महिने जमिनीवर ठेवावा लागला. तपासात रोटरच्या नियंत्रणातील स्वॉशप्लेट या भागाला गेलेला तडा समोर आला. ध्रुव उभे असताना हलक्या कामांचा अधिक बोजा साहजिकच जुन्या हेलिकॉप्टरांवर आला. काही दुर्गम ठाण्यांसाठी भूसेनेने खासगी नागरी हेलिकॉप्टरांची सेवाही घेतली आहे.

नौदलाची स्थिती वेगळी नाही. चेतकच्या जागी १११ हेलिकॉप्टरे घेण्यास ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली, तथापि करार झालेला नाही.

सद्यस्थिती

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने टेहळणी व निरीक्षणासाठी २०० हेलिकॉप्टरांबाबत उत्पादकांकडून माहिती मागविली. यांपैकी १२० भूसेनेसाठी व ८० वायुसेनेसाठी आहेत. १९७ चा आकडा २०० झाला असला, तरी काम तेच आहे आणि ज्यांची जागा घ्यायची ती हेलिकॉप्टरेही तीच आहेत. माहितीची मागणी हा खरेदीचा अगदी पहिला टप्पा असतो. त्यानंतर निविदा, उंचीवरील चाचण्या, किंमतीची बोलणी आणि करार असा क्रम लागतो. या मागणीच्या वेळेपर्यंत एलयूएच सैन्याच्या नियमित तुकड्यांत दाखल झालेले नव्हते. चीता व चेतक २०२७ च्या सुमारास सेवेतून काढण्यास आरंभ करून पुढील दहा-बारा वर्षांत पूर्णपणे निवृत्त करण्याचा भूसेनेचा मानस असल्याचे वृत्त आहे. त्या हिशेबाने ताफ्यातील शेवटची चीता हेलिकॉप्टरे २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धातही उडत असतील.